सुरुवातीची खोकी

ऊर्मीने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली आणि विचारलं, “बट काका, हू सेज इट्स नॉर्मल?”

गणित साधं होतं. एका कारखान्यातले दिवे सरासरी बाराशे तास चालतात, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासूनची फारकत, शंभर तास, दिव्यांचं आयुष्य नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं, आहे असं धरा, तर पाचशे दिव्यांपैकी किती दिवे हजार तासांच्या आत जातील? गुरुदत्तने असली गणितं शेकड्याने सोडवून घेतली होती. सरासरीतून हजार वजा करा, शंभराने भागा, दोन येतात. तक्त्यात दोनसमोर बघा. शंभरात सव्वादोन, पाचशेत अकरा. खाली रेघ मारा, पुढचं गणित घ्या. ऊर्मी बारावीत होती, तीन घरं सोडून राहायची, आणि दर बुधवारी शाळा सुटली की बेसमेंटमध्ये त्याच्याकडे शिकायला यायची. हुशार होती. हुशार मुलं त्याला पूर्वी आवडायची.

“पुस्तक सांगतंय,” तो म्हणाला. “धरा म्हटलंय, तर धरायचं.”

“नो, आय मीन,” तिने कागदावरच्या घंटेसारख्या आलेखाच्या डाव्या शेपटीवर खोडरबर टेकवलं, “मॉमने लास्ट वीक बल्ब्सचं पॅक आणलं ना, टू ऑफ देम डाइड द फर्स्ट डे. लाइक, दे वेअर जस्ट बॅड. दे कुठे जातात, इन धिस?”

“कुठेच जात नाहीत. ते मोजायचे नसतात.”

“पण दे डाइड.”

गुरुदत्तने तिच्यासमोरचं पुस्तक ओढून घेतलं आणि मिटलं. जरा जोरात मिटलं गेलं. “आज एवढं पुरे,” तो म्हणाला. घड्याळात अजून वीस मिनिटं होती, ते तिने पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि दप्तर भरायला लागली. जिन्यावर बूट घालताना तिने खालच्या आवाजात विचारलं, “काका, डिड आय से समथिंग?” दार लागल्याचा आवाज आला, थंड हवेची एक लाट जिन्यावरून खाली आली, आणि तो त्या लांबलचक टेबलाशी एकटाच उभा राहिला.

टेबल त्याच्या बायकोचं, सुहासिनीचं होतं. कापड बेतायचं टेबल. कॅनडातल्या या किचनर गावात ती वीस वर्षं या बेसमेंटमध्ये कपडे दुरुस्त करून देत होती. पँटी आखूड करायच्या, लग्नाचे गाऊन सैल करायचे, कोटांना चेन लावायच्या. टेबलाच्या एका कडेला तिने इंचपट्टी खिळ्यांनी ठोकून ठेवली होती. मुलं आता त्या पट्टीवर कोपर टेकून गणितं करायची. ती गेल्यावर मशीन विकलं, टेबल विकलं नाही, कारण ते जिन्यातून वर जात नव्हतं. लोकांना वाटायचं की आठवण म्हणून ठेवलंय. लोकांना काहीही वाटतं. मराठी मंडळातले लोक तर त्याला सांगायचे की तुम्ही मुलांना शिकवता हे फार छान, मन रमतं, सुहासिनीताईंनाही आवडलं असतं. सुहासिनीला काय आवडलं असतं हे ज्यांना तिच्या हयातीत कधी विचारावंसं वाटलं नाही, त्यांना ती मेल्यावर सगळं माहीत झालं होतं. तो मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, चालते व्हा.

तो मुलांना शिकवायचा, कारण ते एकच त्याला येत होतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली बेळगावहून निघून तो या देशात आला आणि एकतीस वर्षं नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सच्या कारखान्यात वजनं तपासायच्या खात्यात राहिला. खोक्यावर पाचशे पंचवीस ग्रॅम छापलेलं असायचं. यंत्र काही प्रत्येक खोक्यात पाचशे पंचवीस टाकत नाही. कधी चार जास्त, कधी सहा कमी. म्हणून यंत्र लावायचं पाचशे तेहतिसावर, म्हणजे शंभरातली दोनच खोकी छापील वजनाच्या खाली जातात. ते त्याने बसवलेलं होतं. दोन म्हणजे दोन. तीन झाली की यंत्राला काहीतरी झालेलं असायचं, आणि ते काय झालंय हे तो आवाजावरून सांगायचा. त्याला त्या आलेखाचा आधार वाटायचा. मधे फुगलेला, दोन्हीकडे उतरत गेलेला. जगातली सगळी गडबड, सगळा धसमुसळेपणा, शेवटी त्या एका आकारात येऊन गुमान बसतो. घरातही तो मोजायचा. सात नंबरची बस सरासरी किती उशिरा येते, दुधाच्या मोठ्या पिशवीतल्या तीन लहान पिशव्यांपैकी कुठली कमी भरते. सुहासिनीला एक पँट आखूड करायला किती वेळ लागतो तेही त्याने महिनाभर लिहून काढलं होतं. “तुझी सरासरी बावीस मिनिटं आहे,” त्याने सांगितलं. ती टाचण्या तोंडात धरून बसलेली होती. टाचण्या काढून म्हणाली, “आणि गिऱ्हाइकाची सरासरी कंबर किती हो? तेवढ्याच मापाच्या शिवून टाकते सगळ्या. एकालाही बसायच्या नाहीत.” आणि पुन्हा टाचण्या तोंडात.

कारखान्यात एक रीत होती. पहाटे यंत्र सुरू झालं की पहिली चाळीस खोकी बाजूला काढायची. त्यांत कशातही काहीही असायचं. एखाद्यात निम्मंच, एखादं उतू जाणारं. ती वजनकाट्यावर ठेवायची नाहीत, वहीत घालायची नाहीत. करड्या टबात रिकामी करायची आणि माल परत वर. नव्या पोरांना तो सांगायचा, ही यंत्राची खरी वागणूक नव्हे, हे यंत्राचं जागं होणं आहे. ही मोजलीत तर सगळा हिशेब बिघडेल. सुरुवातीची खोकी बाद. एकतीस वर्षं, रोज सकाळी, चाळीस खोकी.

फोन वाजला. ऊर्मीची आई, नीरजा. “काका, ऊर्मी म्हणाली ती काहीतरी चुकीचं बोलली. रडवेली झालीये. काय झालं?”

“काही नाही.”

“नाही, म्हणजे तिचं असं असतं, प्रश्न विचारत राहते. आम्ही तिला सांगतो की मोठ्यांशी—”

“प्रश्न बरोबर होता,” गुरुदत्त म्हणाला. “तिला सांग, प्रश्न बरोबर होता. आणि पुढच्या बुधवारी येऊ नको म्हणावं. माझी मुलगी येतेय.”

“अरे वा, मैत्रेयी येतेय? किती दिवस? मग जेवायला या ना दोघं.”

“ती जेवायला येत नाहीये,” म्हणून त्याने फोन ठेवला.

मैत्रेयी उद्या येणार होती आणि परवा शुक्रवारी दहा वाजता हॉस्पिटलात बैठक होती. मैत्रेयीने सुहासिनीच्या डॉक्टरविरुद्ध, डॉक्टर फ्रेझरविरुद्ध, तक्रार केली होती. आठ पानांचं पत्र. वारसाची सही लागते म्हणून तिने ते व्हँकुव्हरहून त्याला पाठवलं, त्याने याच टेबलावर सही केली आणि पोस्टात टाकलं. पत्राचा मथितार्थ एकच होता. डॉक्टरांनी आमच्या कुटुंबाला सांगितलं की पेशंट मे महिन्यापर्यंत जगेल याची शक्यता सत्त्याण्णव टक्के आहे. त्या शब्दावर विसंबून मी आले नाही. आई फेब्रुवारीत गेली.

डॉक्टर फ्रेझर असं काहीही म्हणाली नव्हती.

तो टेबलाच्या खणाशी वाकला. खणात सुहासिनीचे खडू होते, निळे आणि पांढरे, कापडावर खुणा करायचे चपटे. त्यांच्याखाली एक घडी घातलेला छापील कागद. तो त्याने दोन वर्षांत काढला नव्हता आणि फेकलाही नव्हता. घडीत खडूची भुकटी साचली होती.

नोव्हेंबर दोन हजार आठ. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर फ्रेझर ही पन्नाशीची, किडकिडीत, आवाज चढवावा न लागणारी बाई होती. ती म्हणाली, साधारण निम्मे लोक वर्षभर काढतात, निम्मे नाही. गुरुदत्तने विचारलं, स्टँडर्ड डेव्हिएशन किती? ती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, मिस्टर नाडकर्णी, हे तसं नसतं. काही जण फार लवकर जातात. थोडे वर्षानुवर्षं राहतात. मला आकडा देता येणार नाही. त्याला तिचा राग आला. एवढी शिकलेली बाई आणि आकडा देता येत नाही. कारखान्यात असं कुणी म्हटलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणाले असते. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर सुहासिनीने पट्टा लावला नाही. पर्स मांडीवर घेऊन समोर बघत म्हणाली, “मैतूला आत्ता बोलवून घ्या.”

“दोन दिवस थांब,” तो म्हणाला. “मी आकडे बघतो.”

त्याने आकडे बघितले. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर त्याला एका वैद्यकीय मासिकातला लेख सापडला. त्यात बेचाळीस पेशंटांचा तक्ता होता. नावं नाहीत, नुसते क्रमांक आणि समोर महिने. तो त्याने छापून आणला आणि याच टेबलावर बसून सरासरी काढली, डेव्हिएशन काढलं, आलेख काढला. आलेख चुकीचा आला. डेव्हिएशन सरासरीएवढंच मोठं होतं, आणि त्यामुळे आलेखाची डावी शेपटी शून्याच्या पलीकडे गेली. शंभरातली सोळा माणसं वजा महिने जगत होती. म्हणजे रोग कळायच्या आधीच मेलेली होती. तो त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसला. त्याला तेव्हाच कळलं होतं. हे तो स्वतःपासून कधी लपवू शकला नाही. लहान मुलाला कळेल अशी गोष्ट होती. आकार तो नव्हता. घंटा नव्हती. पण त्याच्याजवळ दुसरा आकार नव्हता. मग त्याने लाल पेन घेतलं. सात जण पहिल्या तीन महिन्यांत गेले होते. ही रोगाची खरी वागणूक नव्हे, हे यंत्राचं जागं होणं. सात ओळी बाद. पाच जण दोन वर्षांवर जगले होते, त्याही बाद, कारण एकाच बाजूच्या खोडणं प्रामाणिक दिसलं नसतं. उरली तीस माणसं. सरासरी चौदा महिने, डेव्हिएशन चार. आलेख सुरेख आला. मे म्हणजे सहावा महिना. चौदातून सहा गेले आठ, भागिले चार, दोन. तक्त्यात दोनसमोर बघा. सत्त्याण्णव पॉइंट सात.

सुहासिनीला त्याने तो दाखवला. ती खुर्चीत टेकून बसलेली होती, तेव्हापासूनच तिला सरळ बसवत नव्हतं. तिने आलेख बघितलाच नाही. तक्ता उचलला आणि लाल रेघांवर बोट ठेवलं. “ही कोण माणसं?”

“ती मोजायची नसतात. सुरुवातीची खोकी.”

“त्यांच्या घरी कुणी यायचं होतं का हो?” ती म्हणाली. मग कागद खाली ठेवला. “तुम्ही बोलवा तिला. मी बोलावलं तर ते आजारी माणसाचं रडगाणं होतं. तुम्ही सांगितलंत तर ती येईल.”

त्याने मैत्रेयीला फोन केला. ते तरी खरं. मैत्रेयी फोनवर म्हणाली, “मी सॅटर्डेचं तिकीट बघितलंय, येतेय.” तिला पहिल्यांदाच एका सिनेमाच्या इफेक्ट्सचं सगळं काम स्वतःच्या हाताखाली मिळालं होतं, एप्रिलअखेर संपणारं, आणि ते ती आठवड्यात सोडायला निघाली होती. आणि गुरुदत्तला एकदम भीती वाटली. ती दारात बॅग घेऊन उभी राहिली असती तर तिच्यामागून ते घरात शिरलं असतं. ती येत नव्हती तोवर सुहासिनी आजारी होती, एवढंच. तो म्हणाला, “घाई करू नकोस. काम संपव, मेमध्ये ये, महिनाभर राहा. मेपर्यंत सत्त्याण्णव टक्के काही होत नाही.”

“कोण म्हणालं?”

दोन शब्द होते. ते त्याने दुसऱ्या कुणाच्या तोंडून आल्यासारखे ऐकले. “डॉक्टर म्हणाल्या.”

मग दर रविवारी आई-मुलीचं फोनवर बोलणं व्हायचं. तो वरच्या खोलीत बसून ऐकायचा. सुहासिनी सांगायची की भूक बरी आहे, बर्फ फार आहे, बाबा शोव्हल करून दमतात. मुलगी विचारायची, येऊ का? आई म्हणायची, तुझं काम झालं की ये. नवऱ्याने सांगितलंय मे, तर मुलीसमोर त्याच्या विरुद्ध बोलायचं नाही. पस्तीस वर्षं तिने ते सांभाळलं होतं आणि मरतानाही सोडलं नाही. अकराव्या आठवड्यात पायातली गुठळी फुप्फुसात गेली. रविवारी सकाळी हॉस्पिटलात नेलं, सोमवारी दुपारी संपलं. मैत्रेयीचं विमान वादळामुळे विनिपेगला उतरवलं होतं. ती आली तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदललेली होती.

त्या रात्री त्याने सांगायला हवं होतं. तेराव्याला सांगायला हवं होतं. मैत्रेयीने पत्र पाठवलं तेव्हा तरी. प्रत्येक वेळी वाटलं की एवढ्यात नको, आणि प्रत्येक ‘एवढ्यात नको’ने सांगणं आणखी अवघड करून ठेवलं. आता त्याने तो कागद पुन्हा घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात टाकला. तो नेऊन काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. खणात ठेवणं मात्र आता नको वाटलं.

गुरुवारी दुपारी मैत्रेयी टोरोंटोला उतरली. छत्तीस वर्षांची, केस बारीक कापलेले, एक छोटी बॅग. तिने त्याला मिठी मारली आणि त्याच्या मफलरचं टोक नीट खोचलं. सुहासिनी खोचायची तसंच. गुरुदत्तला ते सहन होईना. ती त्याच्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती सगळ्या जगावर चिडली होती आणि त्याला तेवढी वगळत होती.

“विंटर टायर्स लावले की नाही?” तिने विचारलं.

“लावले.”

“खोटं बोलू नका हां. गेल्या वर्षी जानेवारीपर्यंत लावले नव्हते.”

“लावले म्हटलं ना.”

हायवेवर ट्रक तुंबले होते. तिने मांडीवर फाइल उघडली. “उद्या तुम्ही काही बोलू नका बाबा. मी बोलते. तुम्ही फक्त बसा. ते लोक रेकॉर्ड बघणार, म्हणणार आम्ही असं काही म्हटलंच नाही. म्हणू देत. मला तिला समोर बसवून विचारायचंय. नाइंटी सेव्हन पर्सेंट. हू सेज दॅट टू अ फॅमिली? कुठल्या तोंडाने?”

“सत्त्याण्णव पॉइंट सात,” गुरुदत्त म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं. एकतीस वर्षांची खोड. कुणी आकडा कमी सांगितला की दुरुस्त करायचा. पुढचा ट्रक थांबला, त्याने ब्रेक दाबला.

“पॉइंट सातसुद्धा सांगितलं होतं?” मैत्रेयी त्याच्याकडे वळली. “हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

तिने पेन काढलं, पत्राच्या प्रतीवर आकडा खोडला आणि वर नवा लिहिला. “पॉइंट सात,” ती स्वतःशी म्हणाली. “ग्रेट. म्हणजे हे नुसतं धीर देणं नव्हतं. हे तिने कुठून तरी काढून सांगितलेलं होतं.” गुरुदत्तला ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघताना वाटलं की आपण याच मुलीला याच गाडीतून गणिताच्या परीक्षेला सोडायचो आणि सांगायचो, उत्तराला दशांश स्थळ असलं की मास्तर समजतो की मुलीने खरंच गणित केलंय.

शुक्रवारची खोली लहान होती. गोल टेबल, मधोमध कागदी रुमालांची पेटी, भिंतीवर तळ्याचं चित्र. तक्रारींचं काम बघणारी एक बाई लिहून घ्यायला बसली होती. डॉक्टर फ्रेझर आली ती स्वेटर घालून, पांढरा कोट न घालता, आणि गुरुदत्तशी हात मिळवून म्हणाली, तुम्ही कसे आहात मिस्टर नाडकर्णी. ती म्हातारी झाली होती. त्याला आठवत होती त्याहून लहानही. त्याने खुर्ची जरा मागे ओढली.

मैत्रेयीने पत्र वाचलं. आवाज कुठे हलला नाही. सत्त्याण्णव पॉइंट सातशी ती थांबली आणि समोर बघितलं.

डॉक्टर फ्रेझरने आपल्या टिपणाचा कागद पुढे केला. त्या दिवशीची एक ओळ होती. आयुर्मानाबद्दल बोललो, साधारण एक वर्ष, फरक मोठा. ती म्हणाली, “मी टक्के सांगत नाही. पॉइंट सात तर मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही.”

“म्हणजे माझे वडील खोटं बोलतायत?” मैत्रेयी म्हणाली.

डॉक्टर फ्रेझरने गुरुदत्तकडे बघितलं. फार वेळ नाही. कारखान्यात दुसऱ्या पाळीचा माणूस पहिल्या पाळीची चूक हातात घेऊन उभा राहतो आणि काही बोलत नाही, तसं. मग ती मैत्रेयीला म्हणाली, “नाही. अशा दिवशी माणसं जे ऐकतात ते खरंच ऐकतात. तुमच्या वडिलांनी तसं ऐकलं असेल तर मी नीट सांगितलं नाही. त्याबद्दल मी माफी मागते. तसं लिहून द्यायलाही तयार आहे.”

लिहिणारी बाई लिहायला लागली. पेनचा आवाज येत होता. संपलं होतं. बाई लिहील, डॉक्टर सही करील, तिच्या फाइलमध्ये तो कागद कायमचा जाईल, मैत्रेयी त्याला घरी नेईल आणि वाटेत सूप पाजेल. त्याला फक्त गप्प बसायचं होतं आणि गप्प बसण्यात तो आता तरबेज झाला होता. पण त्याला राग आला. पोटातून, जुना, त्या पहिल्या दिवशीचाच राग. त्या दिवशी आकडा दिला नाहीस आणि आज तो स्वतःचा म्हणून घेतेस. माझा आकडा. ही कोण मला सोडून देणारी. एका बाईने गप्प राहून मला सांभाळलं तेवढं पुरे झालं.

त्याने कोटातून कागद काढला आणि टेबलावर उलगडला. निळी भुकटी टेबलावर सांडली.

“ह्या असं म्हणाल्या नाहीत,” तो मराठीत म्हणाला, मैत्रेयीला. “मी काढलं. घरी. ह्या म्हणाल्या काही जण फार लवकर जातात. मी ते लवकर जाणारे खोडले.” मग तेच त्याने इंग्रजीत सांगितलं, त्या दोघींसाठी, आणि इंग्रजीत ते आणखी लहान झालं.

मैत्रेयीने कागद स्वतःकडे फिरवला. ती वाचत होती. त्याला तिचं बोट दिसत होतं, लाल रेघांवरून एक एक खाली येणारं. ती मोजत होती. मग ते एका ओळीवर थांबलं. क्रमांक एकोणीस, अडीच महिने. ओळीवरची रेघ सरळ होती, पट्टी लावून मारलेली.

“पट्टी लावून,” ती म्हणाली.

तिने कागद घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. तक्रारवाल्या बाईने विचारलं, तुम्हा दोघांना थोडा वेळ हवाय का? मैत्रेयी म्हणाली, नको, मी तक्रार मागे घेते. कुठे सही करायची? सही केली. डॉक्टर फ्रेझरला ती “आय ॲम सॉरी” म्हणाली, तिच्या स्वेटरच्या बटणांकडे बघत. गुरुदत्तकडे तिने बघितलं नाही. लिफ्टमध्ये नाही, दारात नाही.

पार्किंगमध्ये बारीक बर्फ पडत होता, जमिनीवर टिकत नव्हता. गुरुदत्तने गाडी उघडली आणि पुढचं दार तिच्यासाठी धरलं. मैत्रेयी त्याच्या बाजूने वळून मागच्या सीटवर जाऊन बसली. लहानपणी बसायची त्या जागी, ड्रायव्हरच्या मागे, जिथून आरशात तिचा चेहरा दिसत नसे. त्याने पुढचं दार लावलं, स्टिअरिंगशी येऊन बसला आणि किल्ली हातात धरून राहिला.

ती मागून बोलली. “शी नेव्हर आस्क्ड मी.” मग मराठीत. “एकदाही नाही. दहा संडे मी फोनवर वाट बघत होते, आता म्हणेल ये, आता म्हणेल. ती म्हणाली असती ना, तर तुमचे नाइंटी सेव्हन मी ऐकले नसते. मला वाटलं तिला मी नकोय. जवळजवळ दोन वर्षं मला वाटतंय तिला मी नको होते. तुम्हाला हे माहितीये?”

“नाही,” तो म्हणाला. ते खरं होतं. बेचाळीस माणसांच्या तक्त्यात हे कुठे नव्हतं.

“तुम्ही तिला तो कागद दाखवलात?”

“दाखवला.”

“काय म्हणाली?”

त्याला म्हणता आलं असतं की काही नाही. सुहासिनी जे म्हणाली ते तिने त्याच्यासाठीच ठेवून दिल्यासारखं होतं, त्याच्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि एवढं सांगितल्यावर ही मुलगी त्याच्या घरी पुन्हा येणार नाही हेही त्याला दिसत होतं. त्याची शक्यता त्याने काढली नाही.

“त्याच्या आधीच म्हणाली,” तो काचेकडे बघत म्हणाला. “पहिल्याच दिवशी. इथेच, याच पार्किंगमध्ये. पट्टासुद्धा लावला नव्हता. म्हणाली, मैतूला आत्ता बोलवून घ्या.”

काचेवरचा बर्फ वितळून खाली ओघळत होता. त्याने किल्ली लावली.

“थांबा,” मैत्रेयी म्हणाली. “पुन्हा सांगा.”

त्याने किल्ली सोडली आणि पुन्हा सांगितलं.

“तिच्या शब्दांत सांगा. तुमच्या नको.”

“तिचेच आहेत.”

“मग पुन्हा सांगा.”